बिलिरुबिन जास्त असलेल्या दात्याची किडनी जास्त टिकते का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकट्या भावाला तुम्ही किडनी देणार आहात. तपासण्यांत तुमचं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पिवळं रंगद्रव्य, नेहमीपेक्षा जास्त, २.३ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) निघालं. एसजीपीटी-एसजीओटी या लिव्हरच्या तपासण्या व्यवस्थित, सोनोग्राफीत काही नाही, आणि डॉक्टरांनी ‘गिल्बर्ट सिंड्रोम (जन्मतःच बिलिरुबिन थोडं जास्त राहणं) दिसतो, काळजीचं कारण नाही’ असं सांगितलं. नंतर तुमच्या वाचनात आलं की बिलिरुबिन हे शरीरातलं ताकदवान अँटिऑक्सिडंट आहे आणि प्रत्यारोपण केलेल्या अवयवाचं ते रक्षण करतं. म्हणून तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. तुमच्या या वाढलेल्या बिलिरुबिनचा भावाला मिळणाऱ्या किडनीला फायदा होईल का? आणि भावाचं बिलिरुबिन औषधाने किंवा एखाद्या नैसर्गिक उपायाने मुद्दाम थोडं वाढवता येईल का?

मी किडनी प्रत्यारोपणाच्या रुग्णांवर उपचार करतो, आणि लिव्हरच्या टीमबरोबरही रोजचं काम असतं. पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर ‘तसा अंदाज धरू नका’ असं आहे. दुसऱ्याचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ आहे. तरी तुम्ही जे वाचलंत ते थोतांड नाही. त्यामागे चांगलं, गंभीर संशोधन आहे आणि मला स्वतःला त्याबद्दल आस्था आहे. म्हणूनच उत्तर दोन ओळींत संपवत नाही.

तुमच्या प्रश्नात खरा पेच आहे तो असा: रिपोर्टवर दिसणारा बिलिरुबिनचा आकडा आणि अवयवाला वाचवणारं बिलिरुबिन या दोन गोष्टी एकच आहेत का? माझ्या मते नाहीत. बिलिरुबिन कुठे आहे, कोणत्या वेळी आहे आणि कशामुळे वाढलं आहे, यावर सगळं ठरतं.

आधी ‘कोणत्या वेळी’ हे बघू. प्रत्यारोपणात अवयवाला सगळ्यात मोठा धक्का बसतो तो रक्तपुरवठा तुटल्यावर आणि पुन्हा जोडल्यावर. दात्याच्या शरीरातून किडनी काढली की ती बर्फासारख्या थंड द्रावणाने आतून धुतात आणि ४ अंशांच्या आसपास ठेवतात. थंडीने पेशींची भूक कमी होते, पण थांबत नाही. ऊर्जेचा साठा म्हणजे एटीपी हळूहळू मोडत जातो आणि त्यातून हायपोझँथीन नावाचा पदार्थ साठतो. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात सक्सिनेट साठतं. हे पदार्थ तोवर निरुपद्रवी पडून असतात. मग टेबलावर शिरा-धमन्या जोडून होतात, सर्जन क्लॅम्प सोडतात आणि गरम, ऑक्सिजनने भरलेलं रक्त आत शिरतं. राखेखालच्या निखाऱ्यावर फुंकर मारावी तसं त्या क्षणी होतं. साठलेलं सक्सिनेट झपाट्याने जळतं आणि मायटोकॉन्ड्रियातून फ्री रॅडिकल्सचा, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या रेणूंचा, लोंढा बाहेर पडतो. केंब्रिजच्या गटाने २०१४ मध्ये ही सक्सिनेटची साखळी उलगडून दाखवली. हायपोझँथीनपासूनही तसेच घातक रेणू बनतात. पेशींची आवरणं फाटतात, रक्तवाहिन्यांचं अस्तर सुजतं आणि भावाच्या पांढऱ्या पेशींना तिथे येण्याचा सांगावा जातो. पुढच्या रिजेक्शनची, म्हणजे शरीराने अवयव नाकारण्याची, पायाभरणी कधी कधी इथेच होते.

याला आम्ही इस्केमिया-रिपर्फ्यूजन इजा म्हणतो. ती किती होईल हे परिस्थितीवर अवलंबून असतं. ब्रेन डेड दात्याची किडनी एका शहरातून दुसऱ्या शहरात येते तेव्हा ती बारा-पंधरा तास, कधी त्याहून जास्त वेळ थंडीत राहते. अशा किडनीला जाग यायला वेळ लागतो आणि पहिल्या आठवड्यात डायलिसिस द्यावं लागण्याची शक्यता बरीच असते. तुमच्या बाबतीत दोन्ही शस्त्रक्रिया शेजारशेजारच्या थिएटरमध्ये होतील आणि किडनी बर्फात फार काळ राहणार नाही. जिवंत दात्याच्या किडनीत बहुतेक वेळा क्लॅम्प सुटल्यावर काही मिनिटांत लघवी सुरू होते. म्हणजे ज्या इजेपासून बिलिरुबिन वाचवेल असं तुम्ही वाचलंत, ती इजाच तुमच्या भावाच्या बाबतीत मुळात कमी असणार आहे. तुमच्या किडनीचा मोठा फायदा हा आहे, आणि त्याचा बिलिरुबिनशी संबंध नाही.

आता ‘कुठे’. जुन्या लाल पेशी मोडल्या की हिमोग्लोबिनमधलं हीम सुटं होतं. हीम सुटं राहिलं तर ते स्वतःच घातक असतं. हीम ऑक्सिजनेज नावाचं एन्झाइम ते तोडतं आणि तीन गोष्टी तयार होतात: थोडासा कार्बन मोनॉक्साइड, लोह आणि हिरवट रंगाचं बिलिव्हर्डिन. दुसरं एक एन्झाइम, बिलिव्हर्डिन रिडक्टेज, त्या हिरव्याचं पिवळं बिलिरुबिन करतं. रोज साधारण २५० ते ३०० मिलिग्रॅम बिलिरुबिन असं तयार होतं, लिव्हर त्याला पाण्यात विरघळण्याजोगं करते आणि पित्तावाटे बाहेर टाकते. अनेक वर्षं डॉक्टरांच्या लेखी बिलिरुबिन म्हणजे केवळ टाकाऊ माल आणि काविळीची खूण एवढंच होतं.

१९८७ मध्ये रोलँड स्टॉकर, ब्रूस एम्स आणि सहकाऱ्यांनी बर्कलेमधून एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. ऑक्सिजन कमी असताना, म्हणजे ऊतींमध्ये प्रत्यक्षात असतो तेवढाच असताना, मेदाच्या आवरणांना फ्री रॅडिकल्सपासून वाचवण्यात बिलिरुबिन ई जीवनसत्त्वापेक्षा सरस ठरू शकतं, असं त्यांनी परीक्षानळीत दाखवलं. बिलिरुबिन पाण्यात नव्हे तर मेदात रमतं, म्हणून पेशीच्या आवरणापाशी ते कामाला येतं. पाणथळ भागाची राखण ग्लुटाथिओन हे दुसरं अँटिऑक्सिडंट करतं. २००२ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधल्या सॉलोमन स्नायडर यांच्या गटाने आणखी एक पाऊल टाकलं. त्यांचं म्हणणं असं: बिलिरुबिन फ्री रॅडिकलला निष्प्रभ करताना पुन्हा बिलिव्हर्डिन होतं, रिडक्टेज त्याचं परत बिलिरुबिन करतं आणि चक्र फिरत राहतं. म्हणून अगदी थोडं बिलिरुबिनही आपल्या हजारो पटींनी जास्त ऑक्सिडंटला पुरून उरतं. कल्पना सुंदर आहे, पण वादातीत नाही. हे चक्र पेशीत प्रत्यक्षात इतकं जोराने फिरत नाही असं पुढे इतरांच्या प्रयोगांत दिसलं, आणि त्या इतरांत स्टॉकरही होते. तेव्हा ‘हजारो पट’ हा आकडा कुठे वाचलात तर तो सावधपणे घ्या.

यातला मुद्दा नीट लक्षात घ्या. अवयवाच्या रक्षणात ज्या बिलिरुबिनचं महत्त्व दिसतं, ते मुख्यतः त्या अवयवाच्या पेशीत, इजा होत असताना, तिथल्या तिथे तयार होणारं आहे. संकट आलं की पेशी हीम ऑक्सिजनेज-१ (वर आलेल्या एन्झाइमचाच एक प्रकार) वाढवते. १९९८ मध्ये फ्रिट्झ बाख आणि मिगेल सोआरेस यांच्या बॉस्टनच्या गटाने लहान जातीच्या उंदरांची (माउस) हृदयं मोठ्या जातीच्या उंदरांत (रॅट) बसवली. ज्या हृदयांत या एन्झाइमचा जनुक होता ती टिकली, ज्यांत तो काढून टाकला होता ती काही दिवसांतच बंद पडली. प्रत्यारोपणाच्या जगाला या विषयाची गोडी लागली ती या कामामुळे. पण त्या एन्झाइमपासून तीन गोष्टी बनतात हे वर आलंच. श्रेय कार्बन मोनॉक्साइडचं, लोह बांधून ठेवणाऱ्या फेरिटिनचं की बिलिरुबिनचं, हे वेगळं करणं अवघड. कार्बन मोनॉक्साइड अगदी थोड्या मात्रेत दिला तरी बरंचसं रक्षण होतं असं त्याच गटाने पुढे दाखवलं.

बिलिरुबिनचा वाटा स्वतंत्रपणे तपासणारे प्रयोगही झाले. २००३ मध्ये जपानी संशोधकांनी उंदराची लिव्हर बसवण्याआधी बिलिरुबिन घातलेल्या द्रावणाने धुतली आणि तिची इजा कमी झाली. २००४ च्या सुमारास बिलिव्हर्डिन देऊन उंदरांची लिव्हर, लहान आतडं आणि हृदय यांवर चांगले परिणाम दिसले. हृदयाच्या बाबतीत तर परक्या अवयवाला शरीराने स्वीकारण्यापर्यंत मजल गेली. मधुमेहासाठी स्वादुपिंडातल्या आयलेट पेशींचं रोपण करताना बिलिरुबिन दिल्यावर त्या पेशी जास्त टिकल्या, असंही उंदरांत दिसलं.

किडनीवरचं काम मला सर्वांत बोलकं वाटतं. २००५ मध्ये फ्लोरिडातल्या संशोधकांनी उंदराची किडनी शरीराबाहेर यंत्रावर ठेवून तिच्यातून बिलिरुबिन फिरवलं. इजा झालेल्या त्या किडनीचं काम स्पष्टपणे सुधारलं. दोन वर्षांनी त्याच मंडळींनी जिवंत उंदराला शिरेतून बिलिरुबिन दिलं. या वेळी संरक्षण अर्धवटच मिळालं. किडनीच्या काही भागातल्या नलिका वाचल्या, बाकीच्या नाहीत. प्राणी तोच, अवयव तोच, बिलिरुबिनही तेच. फरक एवढाच की शिरेतून दिलेलं बिलिरुबिन रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटतं, लिव्हर त्याला उचलते आणि हव्या त्या पेशीत हव्या त्या वेळी पुरेसं पोचेल याची खात्री राहत नाही. रक्तातला आकडा वाढला म्हणजे काम झालं असं नसतं, हे मी रुग्णांना सांगतो तेव्हा हा दाखला माझ्या मनात असतो.

माणसांचं काय? इथे पुरावा विरळ होतो. एडिनबर्गमध्ये ब्रेन डेड दात्यांची किडनी मिळालेल्या ४० रुग्णांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना हीम आर्जिनेट हे औषध दिलं, जे हीम ऑक्सिजनेज-१ वाढवतं. एन्झाइम खरोखर वाढलं. पण किडनी लवकर किंवा जास्त चांगली चालली असा ठोस फरक एवढ्या लहान चाचणीत दिसला नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या डॉक्टरांनी किडनी बसवलेल्या रुग्णांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली. ज्यांचं बिलिरुबिन थोडं वरच्या बाजूला होतं त्यांच्यात किडनी पुढे निकामी होण्याचं प्रमाण कमी होतं. तुमच्या वाचनात बहुधा अशाच नोंदींचा उल्लेख आला असावा.

अशा नोंदी वाचताना मी एक प्रश्न विचारतो: बिलिरुबिन जास्त होतं म्हणून किडनी टिकली, की बिलिरुबिन कमी असणं हीच आधीपासून चाललेल्या बिघाडाची खूण होती? शरीरात जुनाट दाह आणि ऑक्सिडेटिव्ह ताण असला की बिलिरुबिन खर्च होऊन कमी दिसू शकतं. धूम्रपान करणाऱ्यांतही ते कमी दिसतं. हृदयविकाराच्या बाबतीत हा गुंता बराच सुटला आहे. १९९४ पासून अनेक पाहण्यांत बिलिरुबिन जास्त असलेल्यांना हृदयविकार कमी असं दिसत होतं. मग कोपनहेगनच्या संशोधकांनी जन्मतःच जनुकामुळे बिलिरुबिन जास्त असलेले लोक तपासले, म्हणजे तुमच्यासारखे. बिलिरुबिन स्वतः रक्षण करत असतं तर या लोकांत हृदयविकार ठळकपणे कमी दिसायला हवा होता. तसा तो दिसला नाही. किडनी प्रत्यारोपणात एवढ्या मोठ्या संख्येने हे तपासणं सोपं नाही, पण तोवर ‘जास्त बिलिरुबिन म्हणजे जास्त संरक्षण’ असं मी कुणालाही सांगणार नाही.

आता तुमची किडनी. गिल्बर्टमध्ये दोष असतो तो लिव्हरमध्ये. यूजीटी-१ए१ हे एन्झाइम बिलिरुबिनला विरघळण्याजोगं करतं. त्याच्या जनुकाच्या सुरुवातीच्या भागात एक छोटी भर असते आणि एन्झाइमचं काम साधारण तीसेक टक्क्यांवर येतं. म्हणून तुमच्या रक्तात बिलिरुबिन साठतं. किडनी काढल्यावर ती थंड द्रावणाने धुतली जाते आणि तुमचं रक्त त्यातून निघून जातं. भावाच्या शरीरात गेल्यावर तिच्यातून फिरतं ते भावाचं रक्त, आणि त्यातलं बिलिरुबिन किती हे भावाची लिव्हर ठरवते. तुमचं २.३ किडनीबरोबर जात नाही. धुण्याआधी पेशींत मुरलेलं थोडंफार राहत असेल, आणि आयलेट पेशींच्या काही प्रयोगांत दात्याला आधी औषध देऊन फायदा दिसला आहे, हे खरं. पण त्यावरून गिल्बर्ट असलेल्या दात्याची किडनी जास्त टिकते असं म्हणायला आधार नाही. लिव्हर देणारा दाता गिल्बर्टचा असेल तर मात्र चित्र उलटं होतं. तिथे दोष अवयवाबरोबर जातो, रुग्णाचं बिलिरुबिन पुढे कायम किंचित वर राहतं, आणि टीमला ते माहीत नसेल तर ‘वाढलंय का?’ म्हणून नको त्या तपासण्या, बायॉप्सीसुद्धा होऊ शकते.

दाता म्हणून तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. हे खरंच गिल्बर्ट आहे ना? माझ्याकडे असा दाता आला की मी बिलिरुबिनचे दोन भाग बघतो. गिल्बर्टमध्ये वाढ जवळजवळ पूर्ण इनडायरेक्टची, म्हणजे लिव्हरने अजून विरघळण्याजोगं न केलेल्या भागाची, असते आणि आकडा सहसा ३ च्या खाली राहतो. मग लाल पेशी जास्त मोडत नाहीत ना हे बघतो: हिमोग्लोबिन, रेटिक्युलोसाइट काउंट, एलडीएच, रक्ताची स्मिअर. हे सगळं नॉर्मल असेल तरच गिल्बर्ट म्हणायचं. आपल्याकडे यात कसूर करून चालत नाही. गडचिरोलीसह विदर्भात आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकल सेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार बऱ्यापैकी आढळतो. तुमच्या घराण्यात कुणाला तो असेल, किंवा तुमचं मूळ त्या भागातलं असेल, तर सिकलची तपासणी झाली आहे का हे विचारून घ्या. सिकलचा वाहक असलेला दाता घ्यायचा की नाही हा वेगळा आणि गंभीर निर्णय असतो. जी६पीडी या एन्झाइमची कमतरताही बघून घेतलेली बरी, तिच्यातही लाल पेशी मोडतात.

एक व्यावहारिक गोष्ट. उपाशी राहिलं की गिल्बर्टमध्ये बिलिरुबिन वाढतं. नवरात्राच्या किंवा एकादशीच्या कडक उपवासात तपासलं असेल तर २.३ हा आकडा तुमच्या नेहमीच्या पातळीपेक्षा जास्त असू शकतो. शस्त्रक्रियेआधीचा उपवास, भूल, ताण यांनीही तो वाढेल. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस तुमचे डोळे पिवळे दिसले तर त्यात नवल नाही. भूलतज्ज्ञांना मात्र आधी सांगून ठेवा.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, आणि इथे मी जास्त आग्रही आहे. भावाचं बिलिरुबिन मुद्दाम वाढवू नका. बिलिरुबिन वाढवणारं औषध आहेच: अ‍ॅटाझानाविर. हे एचआयव्हीचं औषध यूजीटी-१ए१ अडवतं, म्हणजे तात्पुरता गिल्बर्ट घडवतं. मधुमेहींना ते तीन दिवस देऊन रक्तवाहिन्यांचं काम सुधारतं असं नेदरलँड्समधल्या एका छोट्या अभ्यासात दिसलं होतं. पण हेच औषध लिव्हरमधलं दुसरं एन्झाइम, सीवायपी-३ए४, अडवतं. रिजेक्शन रोखण्यासाठी तुमच्या भावाला कायम लागणारं टॅक्रोलिमस (आम्ही त्याला टॅक्रो म्हणतो) त्याच एन्झाइमने मोडतं. ते अडलं की टॅक्रोची लेव्हल कित्येक पट चढते आणि नवी किडनी त्यानेच दुखावते. शिवाय अ‍ॅटाझानाविरने मुतखडेही होतात. एका किडनीवर जगणाऱ्या माणसाला हे परवडणारं नाही.

नैसर्गिक उपायांत मला विचारली जाणारी नावं ठरलेली आहेत. गोरोचन म्हणजे गुराच्या पित्ताशयातला खडा. त्यात बिलिरुबिन असतं हे खरं, पण तोंडाने घेतलेल्या खड्यातलं बिलिरुबिन किडनीच्या पेशीत पोचेल असं मानायला आधार नाही, आणि बाजारात त्या नावाने काय मिळतं याचीही शाश्वती नाही. स्पिरुलिनात बिलिरुबिनशी साधर्म्य असलेलं एक रंगद्रव्य आहे आणि त्यावर संशोधन चालतं. पण स्पिरुलिना प्रतिकारशक्ती चेतवू शकते, आणि प्रत्यारोपणानंतर आमची सगळी औषधं ती शांत ठेवण्यासाठी असतात. गुळवेलीचंही तेच. कोविडच्या काळात २०२० मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीचा काढा घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले आहेत. प्रत्यारोपण झालेल्या माणसाने गुळवेल घेऊ नये, यावर मी ठाम आहे.

हळदीचा विषय थोडा वेगळा आहे. क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००५ साली ४३ रुग्णांची एक चाचणी प्रसिद्ध केली. ब्रेन डेड दात्याची किडनी बसवल्यावर महिनाभर कर्क्युमिन (हळदीतला पिवळा घटक) आणि क्वेर्सेटिन हे दुसरं वनस्पतिजन्य द्रव्य दिलं, आणि किडनी लवकर कामाला लागली. त्या रुग्णांच्या लघवीत हीम ऑक्सिजनेज-१ जास्त आढळलं, म्हणजे आपण बोलतोय तोच मार्ग. मला ही चाचणी आवडते. पण ती लहान आहे, जिवंत दात्यांवर नाही, आणि नित्याच्या उपचारात तिचा समावेश झालेला नाही. हळदीच्या कॅप्सूलमुळे टॅक्रोची लेव्हल चढून त्रास झाल्याची नोंदही आहे. भाजी-आमटीतली हळद भावाने खुशाल खावी, कॅप्सूल घेऊ नये. आणि गणपतीच्या दिवसांत घरी पपनस येत असेल तर तेही भावाच्या ताटात नको. ग्रेपफ्रूटच्या जातीचं हे फळ टॅक्रोची लेव्हल वाढवतं.

भावाचं बिलिरुबिन मुद्दाम वाढवण्याला माझा विरोध असण्याचं आणखी एक कारण आहे. प्रत्यारोपणानंतर वाढलेलं बिलिरुबिन ही आमच्यासाठी एक खूण असते. ती आपणच पुसून टाकली तर खरं संकट दिसणार नाही. तुमचा गट ओ आणि भावाचा ए किंवा बी असेल, तर तुमच्या किडनीबरोबर गेलेल्या लिम्फोसाइट पेशी पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यात भावाच्या लाल पेशींविरुद्ध अँटिबॉडी बनवू शकतात. हे फार वेळा होत नाही, पण होतं तेव्हा हिमोग्लोबिन घसरतं आणि इनडायरेक्ट बिलिरुबिन चढतं. टॅक्रोलिमसमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन लाल पेशी तुटू लागल्या तरी ते चढतं. अझाथायोप्रिन हे औषध, हिपॅटायटिस बी किंवा सी, सीएमव्ही विषाणू, पित्तनलिकेतला खडा, या सगळ्यांत बिलिरुबिन वाढू शकतं. यांपैकी प्रत्येकाचा उपचार वेगळा, आणि उशीर झाला तर नुकसान होतं.

लिव्हरच्या प्रत्यारोपणात तर हे आणखी स्पष्ट दिसतं. सातव्या दिवशी बिलिरुबिन १० किंवा त्याहून जास्त असेल तर नवी लिव्हर नीट चालत नाही असं धरायचं, हा जगभर वापरला जाणारा निकष आहे. लिव्हरच्या रुग्णांची निकड ठरवणाऱ्या मेल्ड स्कोअरमध्येही बिलिरुबिन असतं, आणि तिथे ते जितकं जास्त तितका धोका जास्त. बिलिरुबिन फार वाढलं की ते स्वतःही घातक असतं. नवजात बाळाच्या मेंदूला इजा करतं, आणि मोठ्यांत तीव्र काविळीत किडनीच्या नलिकांत पित्ताचे साचे अडकून किडनी बंद पडू शकते. बिलिरुबिन रक्षणही करतं आणि मारकही ठरतं. गिल्बर्टमधलं २.३ आणि पित्तनलिका तुंबल्यामुळे झालेलं २.३ हे आकडे सारखे दिसले तरी त्यांचा अर्थ पूर्ण वेगळा.

या संशोधनाचं पुढे काही होईल का? मला आशा आहे, पण ती गोळीच्या किंवा काढ्याच्या वाटेने नाही. प्रत्यारोपणातल्या त्या ठरावीक तासांत अवयवावर थेट काम करणं फळतं, हे आता चांगल्या चाचण्यांतून दिसलं आहे. ब्रेन डेड दात्याची किडनी बर्फाच्या डब्याऐवजी थंड द्रावण फिरवणाऱ्या यंत्रावर ठेवली तर ती उशिरा सुरू होण्याचं प्रमाण कमी होतं, हे युरोपातल्या मोठ्या चाचणीने २००९ मध्ये दाखवलं. २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी लिव्हर बसवण्याआधी थंड, ऑक्सिजनयुक्त द्रावण फिरवून पित्तनलिका आक्रसण्याचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं. बिलिरुबिनसारखा रेणू वापरायचा तर तो अशा यंत्रावर, अवयव शरीराबाहेर असताना वापरणं मला सयुक्तिक वाटतं. तिथे मात्रा मोजता येते, मेंदूला धोका नाही, आणि बसवण्याआधी ते धुऊन टाकता येतं. बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही आणि उजेडात मोडतं ही अडचण आहे. कोरियातल्या केएआयएसटी संस्थेने २०१६ मध्ये त्याला पॉलिमर जोडून पाण्यात मिसळणारे सूक्ष्म कण बनवले आहेत. प्राण्यांत त्यांचे परिणाम चांगले दिसतात. रुग्णांसाठी ते अजून उपलब्ध नाहीत.

तर तुमच्यापुरतं सांगायचं झालं तर: गिल्बर्टमुळे तुम्ही दाता म्हणून कमी ठरत नाही, आणि त्यामुळे किडनीला जादा बळही मिळत नाही. भावाची किडनी टिकेल ती जुळणीवर, टॅक्रोची लेव्हल नीट राखण्यावर, रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवण्यावर, आणि एकही डोस न चुकवण्यावर.

पुढच्या भेटीत टीमला तीन गोष्टी विचारा: इनडायरेक्ट बिलिरुबिन किती आहे, रेटिक्युलोसाइट आणि एलडीएच केलं आहे का, आणि तुमचा व भावाचा रक्तगट कोणता. भावाच्या डिस्चार्ज कार्डावर ‘दात्याला गिल्बर्ट’ असं लिहायची गरज नाही, तुमच्या कार्डावर मात्र जरूर लिहून घ्या. ऑपरेशननंतर तुमचे डोळे थोडे पिवळे झाले, लघवीचा रंग नेहमीचा असला आणि ताप किंवा पोटदुखी नसली, तर तुम्ही पुढच्या ठरलेल्या तपासणीपर्यंत थांबू शकता. भावाचे डोळे पिवळे दिसले तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी प्रत्यारोपण विभागाला फोन करा.